आयर्विनला किती फूट, लघवीत किती लाख

मिरजेतल्या एका लॅबमध्ये मी कल्चरच्या टेबलावर काम करते. सकाळी आठच्या सुमाराला कलेक्शनचा पोरगा थर्माकोलचा डबा आणून ठेवतो. त्यातल्या बाटल्यांवरची वयं वाचली की वृद्धाश्रमातून आलेल्या कुठल्या ते लगेच कळतं. ७९, ८४, ८१, ८८. सगळ्या एकाच अक्षरातल्या, एकाच पेनने लिहिलेल्या. सोबतच्या फॉर्मवर ‘तक्रार’ असा एक रकाना असतो, तो बहुतेक वेळा मोकळा. कधी ‘रूटीन’ लिहिलेलं असतं, कधी ‘लघवीला वास’, आणि एकदा तर ‘आजी गप्प आहेत’ असं होतं.

त्या मोकळ्या रकान्यातून किती अँटिबायोटिक वाहून जातं, ते सांगायला बसले आहे.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेचा हिशेब असा, की तिथल्या नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या लोकांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोकांना वर्षभरात निदान एकदा तरी अँटिबायोटिकचा कोर्स मिळतो. आणि दिलेल्या औषधांपैकी ४० ते ७५ टक्के एक तर गरजेची नसतात, किंवा चुकीची निवडलेली असतात. आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटलं की बाळंतपणाचा दोन मजली खासगी दवाखाना डोळ्यांपुढे येतो. तिकडे त्याचा अर्थ वेगळा: म्हातारी, आजारी माणसं कायमची राहतात आणि नर्स-मावश्या त्यांचं सगळं करतात अशी जागा. म्हणून मी सरळ वृद्धाश्रमच म्हणते. अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारी केअर सेंटरंही त्यात धरा. मुलं पुण्यात, बेंगळुरूत नाहीतर त्याच्याही पलीकडे, आणि सांगली-साताऱ्याकडची घरं कुलपात, अशी परिस्थिती असल्यावर या जागा लागणारच. त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही.

आता लघवी. अँटिबायोटिकच्या उधळपट्टीचा मोठा भाग इथूनच सुरू होतो, आणि तो माझ्या टेबलावरून जातो.

कल्चर म्हणजे काय करतो आम्ही? तारेच्या टोकाला बारीक कडी असलेला एक लूप असतो. त्यात एक मायक्रोलिटर लघवी येते, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. थेंबसुद्धा नाही, थेंबाचा ओलावा. ती अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर रेघा ओढून पसरायची आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांवर उबवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं की गुलाबी ठिपके दिसतात. हा बहुधा ई-कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा जंतू. एकेका जंतूपासून एकेक ठिपका. शंभर ठिपके दिसले तर हजाराने गुणायचं, म्हणजे मिलिलिटरला एक लाख. रिपोर्टवर टाइप होतं: ‘ई-कोलाय, एक लाखाहून अधिक’. हा आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाला गेला की मुलगा हादरतो. एक लाख! लगेच डॉक्टरांना फोन, ‘काहीतरी स्ट्राँग द्या’.

पण वृद्धाश्रमात राहणाऱ्या, काहीही होत नसलेल्या, सकाळचा चहा पिऊन टीव्ही बघत बसलेल्या म्हाताऱ्या माणसांची लघवी तपासली, तरी बायकांमध्ये २५ ते ५० टक्के आणि पुरुषांमध्ये १५ ते ४० टक्के जणांच्या लघवीत असे जंतू सापडतात. महिनोन्‌महिने कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. वयानुसार मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, पुरुषांत प्रोस्टेट वाढतं, बायकांत पाळी गेल्यावर त्या भागातले राखणदार जंतू बदलतात, डायपरचा ओलावा असतो. जंतू येतात, राहतात, त्रास देत नाहीत. डॉक्टरी भाषेत याला लक्षणांविना जंतू असणं म्हणतात, आणि तो आजार धरत नाहीत. रूटीन रिपोर्टमध्ये ‘पस सेल्स १०-१२’, म्हणजे पुवातल्या पेशी, दिसतात त्यांचंही तेच. म्हातारपणी जंतूंबरोबर बहुतेकदा पस सेल्सही असतातच. त्या दिसल्या म्हणून इन्फेक्शन आहे असं ठरत नाही.

सांगलीकराला हे समजायला अवघड जाऊ नये. कृष्णेला पाणी असतं. बारा महिने असतं. म्हणून कुणी गाठोडं बांधत नाही. पावसाळ्यात आपण विचारतो ते ‘नदीला पाणी आहे का’ असं नाही, ‘आयर्विनला किती फूट झालं’ असं विचारतो. आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं तेव्हा काय झालं ते आपण पाहिलंय. लघवीतले जंतू म्हणजे नदीतलं पाणी. पूर म्हणजे ते पाणी घरात शिरणं: ताप, थंडी वाजणं, जळजळ, दुखणं. फरक एवढाच, की नदीचा पूर पुलावरच्या आकड्यावरून कळतो आणि इथला पूर एक लाखाच्या आकड्यावरून कळत नाही. तो माणसाकडे बघूनच कळतो. रकाना मोकळा सोडून पाठवलेली बाटली म्हणजे नदीला पाणी आहे का एवढंच विचारणं. उत्तर ‘आहे’ असंच येणार.

मग असे जंतू मारून टाकले तर निदान पुढचा पूर तरी टळेल, असं वाटतं. कॅनडात १९८० च्या दशकात संस्थांमध्ये राहणाऱ्या वृद्धांवर नेमकं हेच करून पाहिलं. काहींना औषध, काहींना नाही. औषध घेणाऱ्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत, पुढची इन्फेक्शनं टळली नाहीत, जंतू थोड्या दिवसांत परत आले. औषधांचा त्रास मात्र जास्त झाला. त्यामुळे लक्षणं नसताना लघवीतल्या जंतूंवर औषध द्यायचं नाही, असा आता जगभरचा संकेत आहे. अपवाद दोनच ठळक: गरोदर बाई, आणि मूत्रमार्गात रक्तस्राव होईल अशी शस्त्रक्रिया ठरलेला पेशंट. वृद्धाश्रमात पहिला अपवाद लागू नाही आणि दुसरा क्वचित.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. तरीही घरचं माणूस आलं तेव्हा मी चुकले.

माझ्या एक चुलत काकू सांगलीजवळच्या एका वृद्धाश्रमात आहेत. वय ८३. एका सोमवारी त्या आश्रमातल्या कामाच्या मावशीला स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. बहीण वारून वीस वर्षं झालेली. रात्रभर जाग्या, दिवसा पेंगलेल्या, जेवण पुढ्यात तसंच. आश्रमातून डॉक्टरांना फोन गेला. ते ओपीडीत. ‘म्हातारपणात युरिन इन्फेक्शनने असं होतं, सॅम्पल पाठवा आणि तोवर गोळी सुरू करा.’ बाटली योगायोगाने माझ्याच टेबलावर आली. ई-कोलाय, एक लाखाहून अधिक. पुण्याहून चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी ठासून सांगितलं, ‘दादा, इन्फेक्शन आहे, औषध बरोबर चाललंय.’

चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. पाचव्या दिवशी काकूंना उठवत नव्हतं. गोंधळ होताच. मी रजा टाकून गेले, तेव्हा उशाशी औषधांचा डबा होता, त्यात सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. आधीच्या शनिवारी शिंका येत होत्या म्हणून कुणीतरी सुरू केलेली, दिवसातून तीनदा. झोप आणणारी जुनी अ‍ॅलर्जीची गोळी होती त्यात. अशा गोळ्या म्हाताऱ्यांच्या मेंदूला गोंधळात टाकतात, पोट बांधून ठेवतात, लघवी अडवतात. मावशीला विचारलं, ‘पोट कधी साफ झालं होतं हो, जुलाबाच्या आधी?’ ती म्हणाली, ‘ताई, आधीच्या आठवड्यातल्या बुधवारनंतर नाहीच.’ सर्दीची गोळी बंद केली, डॉक्टरांनी अँटिबायोटिकही थांबवलं. चार दिवसांनी काकूंनी मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘तू कामावर नाही गेलीस?’

म्हातारं माणूस अचानक बरळायला लागलं तर ते गंभीरच आहे, त्याकडे दुर्लक्ष नको. पण त्याची कारणं खंडीभर असतात. नवी गोळी, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, अडलेली लघवी, कुठलं तरी दुखणं जे सांगता येत नाही, बदललेली खोली, हरवलेला चष्मा, कानातल्या मशीनचा संपलेला सेल. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट आहे: ताप नाही, मूत्रमार्गाची तक्रार नाही, फक्त गोंधळ आहे आणि लघवीत जंतू आहेत, अशा वृद्धाला लगेच अँटिबायोटिक देण्याऐवजी दुसरं कारण शोधा आणि बारीक लक्ष ठेवा.

मग इन्फेक्शन धरायचं कधी? कॅनडाच्या मार्क लोएब या डॉक्टरांच्या गटाने २००१ मध्ये खास वृद्धाश्रमांसाठी किमान अटी ठरवल्या. कॅथेटर नसलेल्या माणसाला लघवी करताना नव्याने जळजळ होत असेल तर तेवढं पुरेसं आहे. जळजळ नसेल तर ताप हवा, साधारण १०० अंश फॅरनहाइटच्या वर किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन-अडीच अंश चढलेला, आणि त्याच्या जोडीला निदान एक गोष्ट: घाईची किंवा वारंवार लघवी, ओटीपोटात दुखणं, लघवीत डोळ्यांना दिसणारं रक्त, कमरेवर बरगडीखाली दाबल्यावर दुखणं, नव्याने सुटायला लागलेली लघवी. कॅथेटर असेल तर ताप, हुडहुडी, कमरेतलं नवं दुखणं किंवा अचानक आलेला गोंधळ, यातलं एक. यात ‘वास’ नाही, ‘गढूळ’ नाही, ‘पिवळी’ नाही. वास पाणी कमी प्यायल्यानेही येतो, आणि आमच्याकडच्या आज्या पाणी कमी पितात त्याचं कारण वैद्यकीय नसतंच. रात्री संडासला न्यायला मावशीला उठवायचं जिवावर येतं, म्हणून संध्याकाळी पाचनंतर तांब्याला हात लावत नाहीत.

त्या अटींमधलं ‘नेहमीचं तापमान’ माझ्या मनात बसलं आहे. पुष्कळ म्हाताऱ्यांचं तापमान मुळातच ९७ च्या आसपास असतं. त्यांना ९९.५ म्हणजे ताप. पण नेहमीचं किती हे कुठे लिहिलेलंच नसेल तर चढलं किती हे कसं कळणार? थर्मामीटर, पाच मिनिटं आणि एक वही, एवढ्याने भागणारं काम आहे.

लोएब यांच्याच गटाने पुढे कॅनडा-अमेरिकेतल्या २४ नर्सिंग होममध्ये हे वापरून पाहिलं, २००५ मध्ये ते छापून आलं. अटी पाळणाऱ्या ठिकाणी लघवीच्या इन्फेक्शनसाठीचे कोर्स राहणाऱ्यांच्या दर हजार दिवसांमागे (एक माणूस एक दिवस राहिला की एक) १.१७ झाले, बाकीच्या ठिकाणी १.५९ होते. दवाखान्यात भरती होणं किंवा मृत्यू वाढले नाहीत. सगळ्या कारणांसाठीच्या अँटिबायोटिकची बेरीज घेतली तेव्हा मात्र फरक ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. एक दार बंद केलं तर माणसं दुसऱ्या दाराने आत येतात. लघवी नाही तर छाती.

छातीचं थोडक्यात. सर्दी-खोकला बहुतेकदा विषाणूंचा असतो आणि विषाणूंवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नाही. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळणं हे नेहमीचंच आहे. हिरवा बेडका म्हणजे अँटिबायोटिक हे गणितही चुकीचं. पण श्वास मिनिटाला २५ च्या वर जात असेल, ताप असेल, ऑक्सिजन उतरत असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो आणि तिथे वेळ घालवायचा नाही. लघवीचं असो की छातीचं, वरचा बीपी शंभरच्या खाली आला, माणूस हाकेला ओ देईना, हातपाय गार पडले, लघवी होईनाशी झाली, तर हा लेख बाजूला ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. अँटिबायोटिक जपून वापरायचं ते याच वेळेसाठी.

का जपून, तेही बघू. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला रेझिस्टन्स हा शब्द शिकवावा लागत नाही. एकच बुरशीनाशक सारखं मारत राहिलं की दोन-चार हंगामांत डाऊनी ही द्राक्षावरची बुरशी त्याला दाद देईनाशी होते, हे त्याने स्वतःच्या खिशातून भरून शिकलेलं असतं. जंतूंचंही तसंच, फक्त त्यांचा हंगाम वीस मिनिटांचा. चांगलं खायला-प्यायला मिळालं तर ई-कोलाय एवढ्या वेळात दुप्पट होतो. औषधाने साधे जंतू मरतात, दाद न देणारे उरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत पसरतात. वर ते आपली युक्ती शेजारच्या जंतूलाही देतात, अगदी दुसऱ्या जातीच्या. बाग आणि माणूस यांच्यात एक फरक आहे. बागेत पाऊस यायच्या आधीच फवारणी करावी लागते. माणसात ‘पुढे-मागे होईल म्हणून’ दिलेली फवारणीच नडते.

प्लेटवर हे अगदी डोळ्यांना दिसतं. प्लेटभर जंतू पसरून त्यावर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो, शर्टाच्या बटणापेक्षा लहान. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो, चंद्राच्या खळ्यासारखा. लागू नसेल तर जंतू थेट चकतीला येऊन भिडतात. वृद्धाश्रमातल्या काही प्लेटा मी उजेडात धरते तेव्हा दहा चकत्यांतल्या आठांना खळं नसतं. अशा माणसाला उद्या खरंच न्यूमोनिया किंवा रक्तात इन्फेक्शन झालं तर हातात उरतं काय, तर दिवसाला हजारो रुपयांचं इंजेक्शन आणि आयसीयू. हे जंतू एका माणसापुरते राहत नाहीत. एकच मावशी सकाळी सहा जणांचे डायपर बदलते. मध्ये हात धुतले नाहीत तर ती सहाही जणांकडे ते पोचवते. तिला बोल लावण्यापेक्षा बेसिन कॉटजवळ आहे का आणि सॅनिटायझरची बाटली रिकामी तर नाही ना, ते आधी बघावं.

औषध ज्याला दिलं त्याचं नुकसान तर लगेचचं. काकूंचे जुलाब तुम्ही वाचलेच. आतड्यातले बरे जंतू मेले की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा एक उपद्व्यापी जंतू माजतो आणि त्याचे जुलाब म्हाताऱ्यांच्या जिवावर बेततात. सिप्रोफ्लॉक्सासिन-लिव्होफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्यांनी टाचेमागचा स्नायूबंध (टेंडन) तुटू शकतो, गोंधळ वाढू शकतो, आणि मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्या तर साखर धोकादायक उतरते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनबरोबर बरीच अँटिबायोटिक भांडतात आणि रक्तस्राव होतो. किडनीचं काम मंदावलेलं असेल तर मात्रा बदलावी लागते. म्हणून फोनवर औषध सांगणाऱ्या डॉक्टरांना शेवटचा क्रिएटिनीन (किडनीची रक्ततपासणी) किती होता आणि आधीच्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे त्याच फोनवर कळायला हवं.

तो फोन. माझ्या मते सगळा खेळ तिथेच आहे. डॉक्टर आश्रमात राहत नाहीत, आठवड्यातून एकदा येतात, बाकी सगळं फोनवर. रात्री साडेनऊला सिस्टर म्हणते, ‘सर, पाच नंबरचे आजोबा बरे वाटत नाहीत, लघवीला वास येतोय.’ एवढ्यावर डॉक्टरांनी काय करावं? त्यांनाही घोर असतो, उद्या काही झालं तर नातेवाईक विचारणार, औषध का नाही दिलं. ते गोळी सांगून मोकळे होतात. मी त्यांना दोष देत नाही.

आता हाच फोन असा आला तर: ‘सर, पाच नंबरचे आजोबा, ८६, कॅथेटर नाही. दुपारपासून सुस्त आहेत. ताप ९८.२, नेहमी ९७.८ असतो. बीपी १३० - ७०, श्वास १८, साखर १४२. जळजळ नाही, ओटीपोट दाबलं तर दुखत नाही. तीन दिवस संडास नाही. आज पाणी तीनच ग्लास. परवापासून झोपेची नवी गोळी चालू आहे.’ एक मिनिटसुद्धा लागत नाही. डॉक्टर काय म्हणतील ते तुम्हीच सांगू शकाल. अमेरिकेत याच क्रमाचा छापील फॉर्म वृद्धाश्रमांना देतात: आत्ता काय झालं, आधीचं काय आहे, तपासून काय दिसलं, आणि आम्हाला काय हवं आहे. आपल्याकडे पाठकोऱ्या कागदावर लिहून टेलिफोनशेजारी चिकटवला तरी चालेल.

डॉक्टर ‘थांबून बघू’ म्हणाले तर त्याचा अर्थ काही न करणं असा नव्हे. दर पाळीला ताप, बीपी, श्वास लिहायचे. हृदयासाठी किंवा किडनीसाठी पाण्यावर बंधन नसेल तर थोडं थोडं पाणी, ताक, सरबत देत राहायचं. पोट साफ होतंय का बघायचं. आणि कशावर परत फोन करायचा ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं. नातेवाईकांनाही हेच शब्द सांगायचे, कारण ‘अजून औषध सुरू नाही’ एवढंच कळलं तर पुण्यातला मुलगा रात्रभर झोपणार नाही, आणि सिस्टरलाही झोपू देणार नाही.

औषध सुरू झालंच तरी कुठलं आणि किती दिवस, हा प्रश्न राहतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून अँटिबायोटिकचे तीन गट केले आहेत. पहिल्या गटातली औषधं नेहमीच्या वापराला: अमॉक्सिसिलिन, डॉक्सिसायक्लिन, नायट्रोफ्युरँटॉइन. दुसऱ्या गटावर नजर ठेवायची: सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन, सेफ्ट्रायक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन. तिसरा राखीव: कोलिस्टिन, लिनेझोलिड. आपल्याकडे घराघरांत तोंडपाठ असलेली नावं बघा, ‘अझिथ्रो’ काय, ‘सेफिक्झिम दोनशे’ काय, दुसऱ्या गटातलीच. १ मार्च २०१४ पासून आपल्या कायद्यात शेड्यूल एच-१ आहे. त्यातली औषधं विकताना केमिस्टने पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं. सेफिक्झिम त्या यादीत आहे. तरीही आश्रमातला माणूस रिकामी पट्टी दाखवून तीच गोळी आणतो, हे आपण सगळेच जाणतो.

कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. औषध आधी सुरू झालं असेल तर ४८ ते ७२ तासांनी परत एकदा बसून बघायचं असतं: खरंच इन्फेक्शन होतं का, रिपोर्टप्रमाणे साधं औषध चालेल का, इंजेक्शनऐवजी गोळी चालेल का, थांबवता येईल का. प्रत्यक्षात आमचा रिपोर्ट फाइलमध्ये लागतो आणि पहिली गोळी सातव्या दिवसापर्यंत चालूच राहते. दिवसांचं म्हणाल तर, बाईच्या साध्या मूत्राशयाच्या इन्फेक्शनला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरतं, किडनी ठीक असेल तर. सुधारत असलेल्या न्यूमोनियालाही बहुतेकदा पाच दिवस. ‘कोर्स पूर्ण करा’ हे आपण इतकं ऐकलंय, की डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी औषध थांबवलं तर नातेवाईकांना ते चुकले असंच वाटतं. आपल्या मनाने थांबवू नये हे खरं, पण डॉक्टरांनी विचार करून थांबवलेलं औषध अर्धवट नसतं.

अमेरिकेत नोव्हेंबर २०१७ पासून प्रत्येक नर्सिंग होमला सरकारी पैसा हवा असेल तर अँटिबायोटिकवर देखरेखीची लेखी व्यवस्था ठेवावीच लागते. कोण जबाबदार, किती कोर्स दिले, कशासाठी दिले. आपल्याकडे त्या वाटेला बराच वेळ आहे. पण एक दोनशे पानी वही आणि पाच रकाने: तारीख, नाव, औषध, कशासाठी, कधी बंद. महिन्याच्या शेवटी ‘कशासाठी’चा रकाना वरून खाली नुसता वाचला तरी आश्रमाच्या मालकांना पुष्कळ कळेल.

बाटली पाठवायचीच असेल तर माझ्या टेबलावरून काही विनवण्या. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी पाठवू नका, ती पिशवीत शिजलेली असते. नळीवरच्या तोंडातून घ्या, आणि नळी बरेच दिवसांची असेल तर ती बदलून नवीतून घ्या. डायपर पिळून तर मुळीच नको. होय, येतात तशा बाटल्या. आधी धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार. औषधाची पहिली गोळी देण्याआधी. आणि दोन तासांत पोचवा नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिलच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत बाटली तीन तास राहिली तर ती आमच्या इनक्युबेटरपेक्षा चांगलं काम करते, आणि मग लाखाचा आकडा आजींचा नसतो, डिकीचा असतो.

हल्ली आमच्याकडे वृद्धाश्रमाची बाटली मोकळ्या रकान्यासह आली की मी फोन लावते. पहिल्यांदा सिस्टर वैतागायच्या. परवा एकीने बाटली पाठवायच्या आधीच फोन केला.

‘ताई, तीन नंबरच्या आजींचं युरिन कल्चर पाठवायचंय.’

‘तक्रार काय लिहू?’

‘वास येतोय.’

‘ताप?’

‘नाही.’

‘जळजळ, दुखणं?’

‘नाही म्हणतात.’

‘काल पाणी किती प्यायल्या?’

‘थांबा हं ताई, वही बघून सांगते.’